गिरणीतले पाहुणे

आमच्या घराण्याची एक गिरणी होती, असं मी सोयरिकीच्या बैठकीत सांगितलं की समोरची मंडळी जरा सरसावून बसतात. मग कोणीतरी विचारतं, ती गिरणी आता काय करते? मला सांगावं लागतं की ती आता बेघर लोकांना राहायला ठेवते. म्हणजे ठेवते असं आमचं म्हणणं आहे. त्या लोकांचं म्हणणं असं की ते बेघर नाहीत आणि तिथे राहातही नाहीत. इथे मंडळी पुन्हा मागे सरकून बसतात आणि पान मागवतात.

गिरणी काढली मोठेबाबांनी, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं. पहिली लढाई चालू होती, कापसाला विचारणारे गावात येऊन बसले होते, आणि मोठेबाबांच्या डोक्यात एकाएकी आलं की कापूस आपला, रुई आपली, मग धोतर तेवढं परक्याचं काहून? हा प्रश्न त्यांनी ओसरीवर बसून इतक्यांदा विचारला की शेवटी ऐकणारे ‘काढा मंग गिरणी’ म्हणाले, ते केवळ जेवायला उठता यावं म्हणून. मोठेबाबांनी मनावर घेतलं. आमच्या घरात हा एक रोगच आहे, आम्ही लोकांचं बोलणं मनावर घेतो.

बॉयलर कारंज्याच्या ठेसनावर उतरला आणि तिथून बैलांनी ओढत आणला. शेलूबाजारच्या अलीकडे तो एका नाल्यात रुतला आणि निघेना. तेव्हा गिरणी मग नाल्याच्या काठीच बांधावी, असाही एक विचार पुढे आला होता. तो विचार माझ्या वडिलांचा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे माझी अक्कल कुठून आली याचा खुलासा होतो.

आधी रेचे बसले. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचं यंत्र. त्याच्यावर बाया कामाला असत. पुढे कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून सूत कातायची यंत्रं आणि माग आले, आणि एके दिवशी आमचं स्वतःचं कापड निघालं. ते इतकं जाड होतं की नेसलेला माणूस खाली बसला तरी धोतर उभंच राही. गावानं मोठेबाबांच्या भिडेखातर ते घेतलं आणि बैलांच्या झुली शिवल्या. त्या काळात आमच्या भागातले बैल माणसांपेक्षा ठेवणीतले कपडे घालून हिंडत.

कापडाचं असं झालं, पण भोंगा चांगला होता. तो पहाटे वाजला की लांबलांबच्या वावरातली माणसं कान टवकारत. त्या भोंग्यानं माणसं आणली. इंझोरीकडून, शिरपूरकडून, रस्त्यापासून आत असलेल्या वाड्या-तांड्यांवरून. गिरणीच्या कुंपणाबाहेर त्यांनी झोपड्या टाकल्या आणि ती इथलीच होऊन बसली. मागे गावात त्यांच्या घरांची माती झाली, जागेवर भाऊबंदांनी गोठे बांधले. आणि मग मंदी आली, गिरणी बंद पडली, आणि तिच्या मागोमाग मोठेबाबाही गेले. यंत्रं, माग, जे विकण्यासारखं होतं ते गेलं. बॉयलर राहिला, कारण तो पुन्हा त्या नाल्यातून न्यायची कोणाची छाती नव्हती. पत्र्याचं छप्पर राहिलं. धुराडं राहिलं. झोपड्या एकेका पावसाळ्यानं नेल्या, आणि फाटकासमोर रस्त्यापलीकडे जो कडुलिंब आहे त्याच्याखाली काही माणसं राहिली.

त्यातली तीन बिऱ्हाडं सांगतो, बाकीची येत-जात असत. एक होती रेचेवाली बुढी. तिचं सगळं आयुष्य रेच्यावर गेलं होतं, नवरा केव्हाच वारलेला, मूलबाळ नाही. दुसरा, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला म्हातारा. त्याला कमी दिसायचं, पण ते तो कबूल करत नसे. तिसरं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, त्यांचं घर नदीनं खाल्लं होतं.

दुसरी लढाई सुरू झाली आणि बाजारातून पत्रा नाहीसा झाला. माझे थोरले चुलतभाऊ, म्हणजे आमचे दादा, यांना शेलूबाजारच्या रस्त्यावर गोदाम बांधायचं होतं. त्यांची नजर गिरणीच्या छपरावर गेली. ही गोष्ट घरात निघाली तेव्हा मोठीआई, मोठेबाबांच्या मागे राहिलेली त्यांची बायको आणि दादांची आई, जात्यावरून उठून ओसरीवर आली.

“त्याईच्या भोंग्यानं आनली ही मानसं,” ती म्हणाली. “भोंगा बंद झाला अन् मानसं उघड्यावर पडली. त्याईच्याच छपराखाली झोपतील आता. पत्र्याले हात लावाचा नाही.”

“कोनी रायले आलं तं माही ना नाही,” दादा म्हणाले. “पन आई, पाच-पन्नास कबुतरायसाठी मी एवढं छप्पर ठेवनार नाही. संक्रांतीपर्यंत पाहातो. तवापर्यंत इथी मी रायतो म्हननारा एक बी मानूस नाही निघाला, तं पत्रे उतरवतो.”

“कबूल,” मोठीआई म्हणाली.

हे सगळं पाहायचं कोणी, असा प्रश्न निघाल्यावर ओसरीवरच्या सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा चाळिशीत होतो आणि घरातला अधिकृत रिकामा माणूस होतो. संत्र्याची बाग लावून झाली होती, ती वाळली होती. शाळेत मास्तरकी करून झाली होती, ती मुलांना झेपली नव्हती. म्हणून मग मी व्यवस्थापक झालो.

काम मात्र मी मन लावून केलं. आढ्याला वर्षानुवर्षांची रुई चिकटून बसली होती. ती झाडताना मी असा काही पांढरा झालो की माझ्या बायकोनं दारातूनच ‘कोन पाह्यजे?’ म्हणून विचारलं. भिंतींना चुना दिला. बाजा विणून घेतल्या, घोंगड्या आणल्या, बॉयलरच्या कडेला चुली मांडल्या. मग मोठीआई म्हणाली, आता गावात दवंडी द्या, म्हणजे लोकायले समजन. मॅट्रिकपर्यंत शिकलो असल्यामुळे मजकूर करायचं काम घरात माझ्याकडेच असे. मी मजकूर केला: ज्याले घर नाही, ज्याले जगात कोनी नाही, त्यानं गिरणीत रायले यावं हो!

दवंडीवाला गावभर हिंडला. कडुलिंबाखाली तर त्यानं खास थांबून, डफडं चांगलं तापवून, दोनदा ओरडून सांगितलं. मी बाजांवर घोंगड्या झटकून ठेवल्या आणि फाटकात जाऊन उभा राहिलो.

कोणीही आलं नाही. एक शेळी आली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः झाडाखाली गेलो. बुढी चुलीपुढे बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“गावभर डफडं काहून वाजवलं, लहाने मालक?”

“तुमच्यासाठीच वाजवलं, माय. झोपाले जागा केली.”

“मले जगात कोनी नाही हे कोनं सांगतलं तुमाले?”

“तसं नाही न माय, ते सगळ्यायसाठीच—”

“इंझोरीले माहा सख्खा भाऊ हाय. बैलजोडी हाय त्याची. पयली.”

“पयली म्हंजे?”

“पयल्या नंबरची.”

“मंग तू इथी काहून रायतं? भावाकडे जा न.”

“जाईन ना. सध्या फुरसद नाही.” आणि ती राखेत काडीनं रेघोट्या ओढत बसली. काल तेच करत होती, परवाही तेच.

तेलवाल्या म्हाताऱ्याकडे वळलो तर तो म्हणाला, “माही पोरगी देल्ली हाय शिरपूरले. जावई तं असा मानूस हाय मालक, मी गेलो का उठून उभा रायते.” मी तोपर्यंत त्या जावयाचं नावही ऐकलं नव्हतं. जोडप्याला विचारलं. नवरा म्हणाला, “आमचं घर हाय, मालक.”

“ते तं नदीनं नेलं ना बाप्पा?”

“एक भीत उभी हाय अजून.”

दवंडीपर्यंत या लोकांना खरोखर कोणी नव्हतं. दवंडी होताच एकेकाला भाऊ, जावई, साडू, मावसभाऊ फुटू लागले. सगळे सुखवस्तू. सगळे वाट पाहून राह्यलेले. त्या कडुलिंबाखाली इतकी भरभराट मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

थंडी पडू लागली. बुढीचा खोकला फाटकापर्यंत ऐकू येई. मोठीआई रोज निरोप पाठवी, कोनी आलं का? आणि दादा जाता-येता घोड्यावरून उतरून काठीनं वळचणीचा पत्रा वाजवून पाहत. तो आवाज त्यांना आवडत असे. मी विनवण्या केल्या. रागावून पाहिलं. एकदा तर बुढीसाठी एक बाज मी रस्त्यापलीकडे झाडाखालीच नेऊन टाकली, निदान जमिनीवरून तरी उठेल म्हणून. तिनं त्या बाजेवर गोवऱ्या वाळत घातल्या.

शेवटी माझी बायकोच एका दुपारी भाकरी थापता थापता म्हणाली, “दवंडी ऐकून कोनी जेवाले तरी जाते का? मंग रायले कोन जाईन? आवतन द्या त्याईले.”

आमच्याकडे आवतन फार कडक असतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. शेजारच्या घरी पंगत बसली असली, वरणाच्या फोडणीचा वास नाकात येत असला, तरी त्या घरचा माणूस तुमच्या दारावर येऊन तुम्हाला समोरासमोर ‘जेवाले या’ म्हणत नाही तोवर तुम्ही जात नाही. उपाशी झोपाल, पण जाणार नाही. आणि मी डफडं वाजवून बोलावलं होतं. बायकोकडे मी जरा कौतुकानं पाहिलं, तर ती म्हणाली, “आता माह्याकडे काय पाह्यता? जा न.”

गेलो. झाडाखाली शिरून म्हटलं, “माय, आज गिरणीत जेवाले ये. आवतन देतो.”

बुढीनं मला नखशिखांत पाहिलं. “आवतन दारावर देत असतात, मालक. तुमी तं माह्या चुलीपर्यंत घुसले.”

“तुझं दार कुठी हाय?”

तिनं बोट केलं. झाडाच्या मुळाशी, काही अंतर सोडून, दोन दगड ठेवलेले होते. मी ते इतके दिवस ओलांडत आलो होतो.

“भाइर जा अन् हाक मारा.”

मी घराण्यातला माणूस. मागे आमच्या मालकीची गिरणी, रस्त्यानं बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्या, गाड्यांवर ओळखीची माणसं. मी त्या दोन दगडांच्या बाहेर जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली, “माय, घरी हायेस का?”

“कोन हाय?” ती माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली.

“मी व्हय. गिरणीतला.”

“या, बसा न. काय काम काढलं?”

“बसत नाही, घाईत हाओ. आज जेवाले ये म्हून सांगाले आलो.”

“पाह्यतो,” बुढी म्हणाली. “जमलं तं येतो.”

तेलवाल्याचं दार म्हणजे एक उलटं ठेवलेलं घमेलं होतं. जोडप्यानं काही ठेवलेलं नव्हतं, पण त्यांनीही कुठे उभं राहायचं ते दाखवलं.

आली. सगळी आली. हातपाय धुऊन, बुढी तर केसांना तेल लावून. माझ्या बायकोनं केलेला झुणका, भाकर आणि आंबाडीची भाजी जेवली, पोटभर जेवली, वाखाणून जेवली. मी बाजांकडे पाहत होतो. आता ही पसरणार, आता घोंगडी अंगावर घेणार. म्हातारा उठला, हात धुतले, अंगठ्याच्या नखानं दात कोरत म्हणाला, “बरं मालक, येतो मंग.”

“कुठी?”

“घरी.”

“अरे बाप्पा, बाजा टाकल्या, घोंगड्या टाकल्या, हे सगळं कोनासाठी?”

“जेवनाचं आवतन होतं, मालक. जेवलो. जेवल्यावर पाहुण्यानं घरी जा लागते.”

आणि ती रस्ता ओलांडून त्या उघड्या झाडाखाली जाऊन थंडीत झोपली. बुढी खोकत खोकत. घोंगड्या माझ्यासमोर घडीच्या घडी. असं एक दिवस नाही, रोज चाललं. रोज संध्याकाळी मी दोन दगडांबाहेर उभा राहून हाक मारायची, घमेल्याबाहेर उभा राहून हाक मारायची, ‘कोन हाय’ला उत्तर द्यायचं, आणि रोज जेवण झालं की ही मंडळी माझे आभार मानून कुडकुडायला निघून जायची. गावात लोक विचारू लागले, कायचं आवतन हाय रोज, बारसं का? संक्रांत जवळ येत होती आणि माझ्या छपराखाली रात्रीचं कोणी म्हणून नव्हतं. कबुतरं होती.

मग मला माझ्या मेव्हण्याची आठवण झाली. तो आमच्याकडे आला की माझी बायको त्याला जाऊच देत नसे. आमच्या भागात पाहुण्याला थांबवायची एकच खरी तऱ्हा आहे: त्याची पिशवी नाहीतर जोडे लपवायचे. पाहुणा निघतो म्हणतो, शोधतो, सापडत नाहीत, रागावल्यासारखं करतो, आणि राहतो. मान राखला गेला. दोघांचाही. मेव्हण्याचे जोडे आमच्या घरी धान्याच्या कणगीतसुद्धा लपवले गेले आहेत. माझे मात्र सासरी कधी कोणी लपवले नाहीत. तिथे मी निघतो म्हटलं की माझे जोडे पुसून दाराशी मांडून ठेवलेले असत.

दुसऱ्या संध्याकाळी मंडळी जेवत असताना मी त्यांची गाठोडी उचलली आणि बॉयलरच्या तोंडात घातली. गाठोडी ती नेहमी बरोबर घेऊनच येत, झाडाखाली कुत्री असत. जेवणं झाली, “येतो मंग” झालं, आणि शोधाशोध सुरू झाली. बॉयलरचं झाकण उघडंच होतं, आतून जोडप्याच्या गोधडीचं एक लाल टोक बाहेर लोंबत होतं. तेलवाल्याला दिसलं नाही असं समजू. बाकीच्यांनाही दिसलं नाही.

“माहं गाठोडं कुठी हाय?” बुढी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. तिच्या आवाजात असा काही हुरूप होता की मला शंका आली, ही किती वर्षं कोणावर अशी रागावली नसेल. “मालक! असं कुठी असते का? पाहुण्याले कोंडून ठेवतात का?”

“आजच्या दिवस राहा, माय. उद्या जा.”

“घरी कामं पडली हायत माही!”

“उद्या.”

“आता काय इलाज,” ती बाजेवर बसत जोडप्यातल्या बायकोला म्हणाली. “पाहा न वो बाई, काय जबरदस्ती हाय.”

राहिली. सगळी राहिली. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की जमलं. फार लवकर सांगितलं.

कारण सकाळी ती गाठोडी काखेत मारून उभी. “येतो मंग, मालक.” आता पाहुण्याला पुन्हा थांबवायचं तर कारण पाहिजे. आज सोमवार आहे, आज निघू नये. आज अमावास्या आहे. आज वाटेत रानडुकरं निघाली आहेत. आज माझ्या बायकोनं वांगी आणली आहेत. स्वच्छ निळ्या आभाळाकडे बोट दाखवून मी त्यांना पावसाची भीती घातली आहे. रोज. त्यांना जायचं कुठे होतं, तर रस्त्यापलीकडे! मला एकदा ताप आला आणि सकाळी जाता आलं नाही, तर कोणी थांबवलं नाही म्हणून सगळी खरंच निघाली आणि झाडाखाली जाऊन बसली. दुपारी मी घोंगडी पांघरून गेलो तर बुढी म्हणते, “किती वाट पाहावी मानसानं?”

पण काही का असेना, थंडी पडली ती त्यांच्या अंगावर पडली नाही. बुढीचा खोकला उतरला. मी म्हटलं, येऊ द्या आता संक्रांत.

संक्रांतीच्या सकाळी दादा आले. मागे बैलगाडी, गाडीत दोन गडी आणि एक लांब शिडी. त्यांच्या मागोमाग मोठीआई चालत आली, हातात तिळगुळाचा डबा. मी फाटकातच उभा होतो, हात पसरून, एखाद्या जिंकलेल्या सरदारासारखा.

“पाहा दादा. घोंगड्या पाहा. चुली पाहा. मानसं पाहा.”

दादा आत आले, सगळीकडे पाहिलं, आणि सरळ विचारलं, “इथी कोन रायते?”

मी मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी जमिनीकडे पाहिलं.

“आमी नाही रायत,” जोडप्यातला नवरा म्हणाला. “पाहुणे हावो. आमचं घर हाय.”

“एक भीत,” मी दातांखाली म्हणालो.

“मी तं शिरपूरले जाऊनच राह्यलो होतो,” तेलवाला म्हणाला. “मालकानं अडवलं. वाटेत रानडुकरं हायत म्हने.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुढीजवळ गेलो. “माय, एकडाव म्हन. रायतो म्हून एवढंच म्हन. एक शब्द. नाहीतं हे छप्पर जाते, अन् पुन्हा त्या झाडाखाली जा लागन.”

तिनं कुठेच पाहिलं नाही. “माहा भाऊ हाय इंझोरीले,” ती म्हणाली. पण ह्या वेळी हळू म्हणाली, आणि बैलजोडीचं काही बोलली नाही.

दादा वाईट माणूस नव्हते. ते क्षणभर थांबलेसुद्धा. मग म्हणाले, “ऐकलं, आई?” मोठीआईनं डबा छातीशी धरला. शब्द दिला होता आणि आमच्या घरात दिलेला शब्द पाळणारी ती एकटीच होती. दादांनी हातानं खूण केली. शिडी भिंतीला लागली. एक गडी वर चढला आणि पहिल्या पत्र्याचे खिळे कुरकुरले. पत्रा हलला तशी आढ्यात उरलेली रुई सुटली आणि खाली बाजांवर, चुलींवर, बुढीच्या डोक्यावर पडत राहिली. एका फटीतून आकाश दिसलं. मी मटकन बाजेवर बसलो. इतकी आवतनं, इतक्या अमावास्या!

बुढी उठली. मला वाटलं, निघाली, गाठोडं घेते आहे. तिनं डोक्यावरची रुई झटकली, पदर नीट केला, माठातून तांब्या भरला, चुलीमागच्या आपल्या डब्यातून गुळाचा खडा काढला, आणि दादांसमोर जाऊन उभी राहिली.

“या, बसा न,” ती म्हणाली. “सनाच्या दिवशी आलेल्या मानसानं उभ्या-उभ्या जाऊ नये.”

दादांनी जोडे काढले आणि बाजेवर बसले. त्यांनी विचार केला नाही, हे मी शपथेवर सांगतो. अशा आवाजात ‘बसा’ म्हटलं की आमच्याकडचा माणूस बसतोच. त्या काळी कोणाच्या हातचं पाणी चालतं हा विचार जिवंत होता, अजूनही मेलेला नाही. पण बुढी आमच्याच जातीतली, नशिबानं तेवढी बाहेर पडलेली. दादांनी गूळ तोंडात टाकला आणि पाणी प्यायले.

“घरचे बरे हायत?” बुढीनं विचारलं.

“बरे हायत.”

“पोरं?”

“बरी हायत.”

“कापूस कसा काय यंदा?”

“बोंडअळीनं खाल्ला थोडासा.”

“थोडासा खातेच ते,” बुढी म्हणाली आणि वर पाहून ओरडली, “अन् तुमी वो बाप्पा? खालते पाहुणा जेवाले बसून राह्यला अन् वरतून कचरा पाडता काय? उतरा!”

वरचा गडी उतरला. त्यानं दादांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग जेवणं झाली. तीळ लावलेली भाकर, वांग्याची भाजी, मोठीआईचे तिळगूळ. बुढी वाढत होती आणि नको नको म्हणताना वाढत होती. मला वाढताना मात्र ‘तुमी घरचेच’ म्हणून एका भाकरीवर आटपलं. दादांनी हात धुतले, ढेकर दिला, आणि त्यांना एकदम आठवलं की आपण कशासाठी आलो होतो. ते उठले. “बरं,” ते म्हणाले, “येतो मंग,” आणि बाजेखाली पाय घातला.

जोडे नव्हते.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर काही केलेलं नव्हतं. मग त्यांनी तेलवाल्याकडे पाहिलं, त्यानं न दिसण्याचा आधार घेतला. मग बुढीकडे.

“माह्ये जोडे कुठी हायत?”

“भेटतील न,” बुढी म्हणाली. “घाई कायची? राहा आजच्या दिवस. उद्या जा.”

दादा अनवाणी उभे राहिले. त्यांनी शिडीकडे पाहिलं, वर त्या उचकटलेल्या पत्र्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उजाडलं ते पाहायला मला पुन्हा तो सगळा हिवाळा करावा लागला तरी मी करीन. आपले जोडे जिथे लपवले गेले त्या घराचं छप्पर उतरवायची रीत आमच्या भागात अजून निघालेली नाही. आणि कोणाचे जोडे लपवायला आधी स्वतःचं घर लागतं, हे दादांनाही ठाऊक होतं. बुढी ‘रायतो’ म्हणाली नव्हती. तिनं म्हणायचं काही ठेवलंच नव्हतं.

“तो पत्रा ठोकून घ्या पयले,” दादा गड्यांना म्हणाले. “रात्री थंडी शिरन आत.”

मोठीआई भिंतीकडे तोंड करून हसत होती. तिचे खांदे हलत होते.

जोडे बॉयलरमध्येच होते, पण बुढीनं ते माझ्यापेक्षा मन लावून लपवले होते. आतल्या नळीत सरकले ते सरकलेच. गडी आत हात घालघालून काळे झाले. शेवटी दादा माझे जोडे घालून घरी गेले, ते त्यांना चावत होते, आणि चावतात म्हणून ते वाटभर माझ्यावरच चिडले. मी अनवाणी गेलो. दादांचे जोडे अजूनही त्या बॉयलरच्या पोटात आहेत.

दुसऱ्या सकाळी मी गेलो तर तेलवाला गाठोडं घेऊन फाटकात उभा. “येतो मंग, मालक.” जोडपंही तयार. मला वाटलं होतं, आता तरी ही कटकट संपली. कसची! म्हाताऱ्याला म्हटलं, करिदिन आहे, आज कोणी निघत नाही. हे निदान खरं होतं. जोडप्याला त्यांच्या त्या एका भिंतीवर साप दिसल्याचं सांगितलं. बुढीसाठी मी एक चांगलं कारण राखून ठेवलं होतं, रात्री जागून काढलेलं.

ती गाठोडं घेऊन उभी नव्हती. ती दारात वाकून कालची पडलेली रुई झाडत होती, आणि झाडता झाडता माझ्या पायांपर्यंत आली.

“माय, आज नको जाऊ,” मी सुरुवात केली. “आज इंझोरीच्या वाटेले—”

“बाजूले सरा, मालक. झाडू द्या.”

मी उंबऱ्याबाहेर सरलो. ती झाडत राहिली. उन्हं आत आली होती, चूल पेटली होती, चहाचा वास येत होता. मी बराच वेळ तिथेच उभा. पाय गार पडले, कारण जोडे दादांकडे होते. आत जावं की जाऊ नये मला कळेना. शेवटी मी उंबऱ्याबाहेरून हाक मारली, “माय, घरी हायेस का?”

तिनं मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“कोन हाय?”